कल्ले उचलून बघा

धाराशिवचा माणूस मटणाच्या दुकानात उभा राहिला की त्याला फसवणं अवघड. बोकड कुठला, कधी कापला, किती किलोचा होता, हे तो आधी विचारून घेतो. मग ‘रानाचं द्या, चरबी कमी, दोन नळ्या टाका’ असं सांगत काट्यावरची नजर हलू देत नाही. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाची शेळी देशभर ओळखली जाते, त्या उस्मानाबादी शेळीच्या मुलखातल्या माणसाला ही पारख असायलाच हवी. हाच माणूस महामार्गावरच्या हॉटेलात ‘सी-फूड’ असा रंगीत बोर्ड बघून शिरतो, सुरमई फ्राय मागवतो आणि एक प्रश्नही न विचारता खाऊन, पैसे देऊन बाहेर पडतो. याचा मला राग येतो. राग हॉटेलवाल्यावर कमी आहे, आपल्यावर जास्त.

जरा त्या सुरमईचा रस्ता बघा. ती कुठल्या तरी बंदरात उतरली, तीही बहुधा बोटीच्या बर्फात काही दिवस काढून. तिथून लिलाव, तिथून ट्रक, तिथून एखाद्या मोठ्या शहरातलं शीतगृह, मग आपल्या हॉटेलातला डीप फ्रीझर. त्यात आपल्याकडची वीज जाते-येते. दर वेळी मासा थोडा सुटतो, पुन्हा गोठतो. शेवटी तव्यावर येतो तेव्हा त्याचं मांस भुसभुशीत झालेलं असतं आणि चव झाकायला वर लाल मसाल्याचा जाड थर. गोठवलेला मासा खाऊन माणूस आजारीच पडतो असं नाही, नीट गोठवला तर तो खाण्यालायक असतो. पण आपण समुद्राच्या चवीचे पैसे देतो आणि तिखटाची चव खाऊन येतो. त्या पैशात घरी दोन वेळचं मटण झालं असतं.

‘आपल्याकडं कुठं समुद्र? आपल्याला मासा कळणार कसा?’ ही सबब मला मान्य नाही. समुद्राशी आपलं नातं जुनं आहे. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी-वर्णनात ते पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं नोंदलं आहे, आणि तिथला माल गाड्यांनी भडोच बंदराकडे जात होता. तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यातली माळ कवड्यांची असते, आणि कवडी हे समुद्रातल्या जिवाचंच कवच आहे. देवीच्या दारात समुद्र गळ्यात घालून फिरणारी माणसं आपण.

आणि सुकट? आठवडी बाजारात एका कोपऱ्यात गोणपाट अंथरून बसलेली बाई, समोर सुकटीचा ढीग, बाजूला वाळलेल्या बोंबलांच्या जुड्या. वास लांबूनच येतो, नाकाला पदर लावून काही बाया पुढं जातात, काही मात्र वाकून मूठभर उचलून बघतात. बोंबील मोडून बघायचा, कडकन मोडला तर चांगला वाळलाय, वाकला तर ओल आहे. हे आपल्या आज्यांना कळत होतं. ज्वारीची भाकरी, तव्यावर कोरडी भाजलेली सुकट, त्यात कांदा, लसूण आणि मिरचीचा ठेचा. दुष्काळात तेल नसेल तरी हे जेवण होत असे. रानात भांगलणीला गेलेल्या बायकांच्या फडक्यात हेच बांधलेलं असायचं. समुद्र आपल्याकडं आला तो असा, वाळून आला, गरिबाच्या ताटात आला. त्यामुळं श्रीमंत हॉटेलात त्याची चौकशी करायचं आपल्याला सुचत नाही, असं मला वाटतं. सुकट आपण मोडून बघून घेतो, सुरमई मात्र मेन्यूकार्डावर बोट ठेवून.

तर मुंबईला जाल तेव्हाचं सांगतो. धाराशिवहून रात्री गाडीत बसलं की सकाळी सीएसएमटीला उतरता येतं. जाणारे कोण? मंत्रालयात फाईल अडकलेले, म्हाडात खेटे घालणारे, परळच्या टाटा रुग्णालयात पेशंट घेऊन गेलेले, मुलाखतीला गेलेली पोरं. या लोकांचं जेवण काय असतं? स्टेशनबाहेर वडापाव, दुपारी मिळेल ती राइस प्लेट, रात्री परतीच्या गाडीत पुन्हा वडापाव. आयुष्यात चार-सहा वेळा मुंबई पाहिलेला माणूस तिथला मासा न खाता परत येतो, आणि मग तोच मासा इथं महामार्गावर शिळा खातो. हे उलटं झालं.

मुंबईत मासा समजून घ्यायचा असेल तर पहिला मुक्काम हॉटेल नव्हे. गाडीतून उतरून वेळ असेल तर कुलाब्याला ससून डॉकवर जा. ही गोदी 1875 साली अल्बर्ट ससून यांनी बांधली, मासळीचा मोठा बाजार अजूनही तिथं भरतो. पहाटेच जावं लागतं, उन्हं वर आली की खेळ संपतो. ओल्या फरशीवर घसरायला होतं, टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात, वाटेत उभं राहिलात तर शिव्या खाल. तिथं खायला फार काही नाही, पण ताजा मासा दिसतो कसा, हे एकदा डोळ्यांत भरून घ्या. डोळे फुगीर आणि काचेसारखे स्वच्छ, खोल गेलेले नाहीत. कल्ला उचलला की आत लालभडक, तपकिरी नाही. बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून येतो. वास समुद्राचा येतो, सडका किंवा तिखट नाही. चार गोष्टी. बोकडाच्या बाबतीत आपण याहून जास्त बघतो. तसंच भाऊच्या धक्क्यावरही बघता येईल.

आता जेवायला. माझं मत सरळ आहे: दारात काचेची टाकी आणि आत वातानुकूलित अंधार असलेल्या जागेपेक्षा ज्या खानावळीत दुपारी एक वाजता ऑफिसातले बाबू, टॅक्सीवाले आणि एखादं कुटुंब दाटीवाटीनं बसलेलं दिसतं, तिथं जा. तिथला मासा रोज संपतो, म्हणून रोज नवा येतो. दादरला ‘सिंधुदुर्ग’, ‘गोमांतक’, शिवाजी पार्काजवळ ‘चैतन्य’. पार्ल्याला ‘गजाली’. फोर्टात ‘महेश लंच होम’, तिथं मंगळुरी पद्धत. काळा घोड्याचं ‘त्रिष्णा’ खेकड्यासाठी नावाजलेलं आहे, पण खिशाला जड. ज्याला परवडेल त्यानं एकदा जावं. गिरगावात खोताच्या वाडीतलं ‘अनंताश्रम’ बंद झालं. ते चालू असतं तर मी ते पहिलं सांगितलं असतं, आणि अशी एकेक खानावळ बंद होताना मुंबईकर गप्प बसतात याचंही मला वाईट वाटतं.

टाटाला पेशंट घेऊन आलेल्यांना यातलं बरंच परवडणार नाही, ते मला माहीत आहे. पण परळ-लालबाग हा गिरणगाव आहे. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांच्या खानावळींचा तो मुलूख. गिरण्या गेल्या तरी त्या बाजूला अजून साधी माशाची थाळी मिळते: एक तुकडी तळलेली, वाटीभर कालवण, भात, दोन चपात्या, सोलकढी. दवाखान्यात आठ-आठ दिवस बाकड्यावर काढणाऱ्या माणसानं एक दुपार तरी असं गरम जेवावं. तेवढ्यानं पेशंटकडे दुर्लक्ष होत नाही.

माहीमच्या कोळीवाड्यात 2022 साली महापालिकेच्या मदतीनं कोळी महिलांच्या बचतगटांचा ‘सी-फूड प्लाझा’ सुरू झाला. ज्यांच्या घरातली माणसं मासा धरतात त्याच बाया तो रांधून वाढतात, याहून चांगली हमी कुठल्या हॉटेलात मिळणार? कोळी मसाला आपल्याला जवळचा वाटेल, कारण तो तिखटाला बिचकत नाही. मालवणी कालवणात मात्र नारळाचं वाटप, कोकमाचं आगळ, बांगड्याला तिरफळ. पहिल्या घासाला आपली जीभ तर्री शोधते, ती सापडत नाही, आणि काहीजण लगेच ‘फिक्कं आहे’ म्हणून चटणी मागवतात. कृपा करून मागवू नका. आधी भातावर घ्या, तीन-चार घास खा. मासा हे मटण नव्हे, त्याला येसूर नको असतो. चपातीशी ते कालवण नीट लागत नाही, भातच हवा.

मागवायचं काय? इथं आपले लोक हमखास चुकतात. पापलेट आणि सुरमई, ही दोनच नावं पाठ. ती महाग, आणि बाराही महिने मेन्यूवर असतात, म्हणून त्यांच्यातच बर्फातला माल खपवला जातो. दादरच्या एका खानावळीत शेजारच्या टेबलावर कळंबकडचे एक पाव्हणे सुरमईवर अडून बसले होते. वेटर म्हणाला, “काका, सुरमई आहे, नाही कशाला म्हणू? पण आज बांगडा घ्या. सकाळी आलाय.” पाव्हणे म्हणाले, “बांगडा लै स्वस्तातला हाय की.” वेटर म्हणाला, “स्वस्त आहे म्हणून तर रोज संपतो.” त्यांनी बांगडा घेतला, मग आणखी एक मागवला. खरा खानावळवाला असाच बोलतो. ‘आज काय आलंय?’ एवढंच विचारायचं. ज्यानं ‘सगळं आहे’ असं उत्तर दिलं तिथून उठायचं.

‘सगळं आहे’च्या पोटात आणखी एक गोष्ट असते. फिश टिक्का, फिश फिंगर, फिश अँड चिप्स या नावांखाली बऱ्याच ठिकाणी येतो तो बासा, म्हणजे पंगस, तळ्यात वाढवलेला. त्याला काटा नाही, वास नाही, फारशी चवही नाही. खायला हरकत नाही, पण त्यासाठी मुंबईला कशाला जायचं? आणि मेन्यूत माशापुढं किंमत न लिहिता ‘आकाराप्रमाणे’ असं लिहिलेलं असेल तर मागवण्याआधी मासा कच्चा बघायला मागा, वजन आणि दर विचारा. चांगली हॉटेलं ताटात घालून आणून दाखवतात. लाजू नका. लग्नाचा बस्ता बांधताना आपण दुकानदाराला किती गठ्ठे उलगडायला लावतो!

नवख्यानं काट्यांना घाबरायचं कारण नाही, पण करलीपासून सुरुवात करू नये. मांदेली कुरकुरीत तळलेली असली की काट्यासकट चावून खाता येते. बांगड्याला मधला काटा एकच ठळक, तो उचलला की दोन्ही बाजू मोकळ्या. आणि बोंबील तर खायलाच हवा, कारण आपण जन्मभर वाळका खाल्ला तोच हा ओला. वर्सोवा, मढ, सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या असतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीनं तो त्यांवर टांगतात आणि उन्हावाऱ्यात वाळवतात. तिथून तो आपल्या बाजारात गोणपाटावर येतो. ओला असताना त्याच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, इतका लिबलिबीत की हातात धरवत नाही. म्हणून त्याला पोटाकडून चिरून उघडतात, मीठ लावून दोन फळ्यांमध्ये नाहीतर पाट्याखाली दाबून ठेवतात. तासा-दोन तासांत खाली पाण्याचं थारोळं होतं आणि बोंबील पातळ, चपटा होतो. मग हळद, तिखट, आगळ, वरून तांदळाचं पीठ आणि रवा. तव्यावर कमी तेलात, मंद आचेवर, सारखा न उलटता. बाहेरून कडक, आत इतका मऊ की जीभ लावली की सुटतो. ज्यानं पाणी काढायचा आळस केला त्याचा बोंबील तव्यावर मोडतो. पहिल्या घासात स्वयंपाक्याची लायकी कळते.

कधी जायचं, हेही विचारून जा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि माशांचा विणीचा काळ असतो. आपला आखाड नेमका याच दिवसांत. आखाडात मटण जोरात, आणि मुंबईला गेलं तर माशाचीही हौस. पण तेव्हा मोठा मासा बव्हंशी बर्फातलाच मिळतो. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतो, बोटी पुन्हा जातात, ताजा मासा यायला लागतो, तर आपला श्रावण चालू. मग गणपती, पितरं, नवरात्र. तुळजापूरच्या मुलखात नवरात्रात मासा घरात येणं नाहीच. म्हणजे आपला हंगाम दिवाळीनंतरचा, थंडीतला. मंत्रालयाचं काम पुढं ढकलता येत असेल तर तेव्हा जा. तसंही ते एका खेपेत होत नाही.

पापलेटाबद्दल एक गोष्ट मात्र हट्टानं सांगतो. रुपेरी पापलेट 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. पापलेटाला तो साडेतेरा सेंटिमीटर. त्याहून लहान धरायचं नाही, विकायचं नाही. तरीही ताटात तळहाताएवढंही नसलेलं पापलेट येतं आणि आपण ‘नाजूक आहे, छान आहे’ म्हणून खातो. त्या पिल्लानं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. असं ताट परत पाठवा, भांडण करून पाठवा. दुष्काळी मुलखातल्या माणसाला बियाणं खाऊन टाकणं म्हणजे काय, हे वेगळं शिकवायची गरज नाही.

आता घरी येऊ, कारण माझं खरं दुखणं इथलं आहे. जिल्ह्यात मासा नाही हे कोणी सांगितलं? माकणीला निम्न तेरणा आहे, परंड्याला सीना-कोळेगाव आहे, नळदुर्गला बोरी आहे, गावोगाव पाझर तलाव आहेत. पावसाळ्यात संस्था ठेका घेऊन तलावात बोटुकली सोडतात आणि पाणी टिकलं तर रोहू, कटला, मृगळ चांगला वाढतो. मरळ तर जिवंत विकतात. भांड्यातल्या वीतभर पाण्यातही तो दम धरतो. याहून ताजा मासा कुठल्या पंचतारांकित हॉटेलात मिळत नाही. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळी काढणारे भोई मी काठावरून पाहिले आहेत. गारठलेल्या हातानं मासा सोडवताना जाळ्याचा दोरा तुटू नये म्हणून ते किती जपतात! आणि हा मासा उतरला की व्यापाऱ्याच्या बर्फाच्या पेटीत जातो, मोठ्या शहराकडं निघतो. त्याच महामार्गावरून उलट दिशेनं बर्फातली सुरमई आपल्याकडं येते. दोन्ही गाड्यांचं डिझेल आपल्याच ताटातून जातं.

बार्शी-कुर्डुवाडी-टेंभुर्णीवरून पुण्याला जाताना भिगवण लागतं. उजनीच्या पाण्यावर तिथं माशांचा बाजार उभा राहिला आणि त्या पट्ट्यात माशांची हॉटेलं झाली. आपली माणसं तिथं गाडी थांबवून चिलापी, कटला खातात, फोटो काढतात, ‘भिगवणचा मासा भारी’ म्हणून घरी सांगतात. उजनी 117 टीएमसीचं धरण, आपली धरणं तिच्यापुढं लहान, आणि पाऊस रुसला की तळ दाखवणारी, हे मान्य. चिलापीनं उजनीतले मूळचे मासे मागं सारले, तोही धडा आहेच. आपण तसं होऊ देऊ नये. पण पाणी असतं त्या वर्षी तरी धरणाच्या काठावर तळलेला कटला मिळायला काय हरकत आहे? कुटुंबासह नळदुर्गचा किल्ला बघायला हजारो लोक येतात. पाणीमहालावरून पाणी कोसळताना बघून झालं की भूक लागते, आणि त्यांच्या पुढ्यात येतं काय, तर पनीर आणि व्हेज मंचुरियन.

काट्यांची तक्रार सांगू नका. रोहूत बारीक काटे असतात, मोठ्या कटल्यात ते सहज दिसतात. मासा दोन किलोच्या वरचा घ्या, तुकडे आडवे आणि पातळ पाडून घ्या, हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवा. आपला काळा मसाला या माशाला चालतो, समुद्राच्या माशाला नाही. ज्वारीच्या भाकरीशी लागतो, भाताची वाट बघत नाही.

मागणीही साधी आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फाचा कारखाना, शीतपेटीची गाडी, मासळी विक्रीचा स्टॉल यांना अनुदान आहे: सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत रस्ते आणि सभामंडपांवर तासन्‌तास बोलणाऱ्या सदस्यांनी पुढच्या बैठकीत दहा मिनिटं यावर द्यावीत. माकणीला एक छोटा बर्फाचा कारखाना, धरणाच्या काठावर नळ असलेले चार पक्के ओटे, आणि महिला बचतगटाला ते चालवायचा हक्क. प्रत्येक ओट्यावर खडूनं लिहायची एक पाटी: मासा कोणता, कुठल्या पाण्यातला, कधी धरला. पाटी रोज पुसून रोज लिहिली जाते की नाही, हे बघायला मी स्वतः जाईन.